परिवहन विधेयके आणि राज्य विधिमंडळे : सत्ता, क्रम व मोबदला या तीन प्रश्नांचा इतिहास

प्रस्तावना

रस्ता, त्यावरून धावणारे वाहन आणि त्यात बसलेला प्रवासी या तीन गोष्टी व्यवहारात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. भारतीय राज्यघटनेने मात्र त्यांची वाटणी वेगवेगळ्या सूचींमध्ये केली आहे. संसदेने राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित केलेले रस्ते संघसूचीत येतात. इतर रस्ते, पूल व नौकामार्ग राज्यसूचीच्या १३ व्या नोंदीत येतात. यंत्रचलित वाहने समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीत आहेत. रस्त्याने अथवा अंतर्गत जलमार्गाने नेल्या जाणाऱ्या मालावर व प्रवाशांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यसूचीच्या ५६ व्या नोंदीने, वाहनांवरील कराचा अधिकार ५७ व्या नोंदीने आणि पथकराचा अधिकार ५९ व्या नोंदीने राज्यांना दिला आहे. त्यातही ५७ वी नोंद समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीच्या अधीन आहे, म्हणजे वाहनकर राज्याचा असला तरी त्याची तत्त्वे ठरविण्यास संसदेला वाव आहे.

अशा विभागलेल्या विषयावरील विधेयक राज्य विधिमंडळापुढे येते, तेव्हा सभागृहाला दोन प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. पहिला प्रकार धोरणाचा आहे : बसवाहतूक शासनाने चालवावी की खाजगी व्यावसायिकांनी, कर किती असावा, भाडे कोणी ठरवावे. दुसरा प्रकार अधिकाराचा आहे : हा कायदा करण्याची सत्ता कोणाची, तो कोणत्या क्रमाने व कोणाच्या मंजुरीने करावयाचा, आणि ज्याच्याकडून काही काढून घेतले जाते त्याला मोबदला काय द्यावयाचा. स्वातंत्र्योत्तर काळातील परिवहन कायद्यांचा इतिहास पाहता असे दिसते की, पहिल्या प्रकारचे प्रश्न विधिमंडळांनी स्वतः हाताळले. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे मात्र त्यांना बऱ्याच वेळा न्यायालयाकडून, आणि तीही कायदा होऊन गेल्यावर मिळाली. प्रस्तुत लेखात उत्तर प्रदेश, मध्य प्रांत व वऱ्हाड, आसाम, राजस्थान आणि मुंबई राज्य यांच्या निवडक कायद्यांच्या आधारे या प्रक्रियेचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी : कायद्यापूर्वीचा अभ्यास

परिवहनाच्या प्रश्नाचा अभ्यास आधी व कायदा नंतर, ही पद्धत या देशाला अपरिचित नव्हती. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांकडे सोपविलेला विषय झाला. मोटारींची संख्या वाढत होती. परंतु रस्त्यांचा खर्च पेलण्याची प्रांतांची व स्थानिक संस्थांची ऐपत नव्हती. या पेचाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची समिती नेमण्यात आली. मुंबईचे विख्यात कायदेपंडित मुकुंद रामराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. समितीने १९२८ मध्ये अहवाल सादर केला. रस्त्यांचा विकास हा प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आर्थिक आवाक्याबाहेर जात असून त्याचा काही भार केंद्रीय महसुलाने उचलावा, आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला.

यानंतर रस्ते व रेल्वे यांच्यातील स्पर्धेचा प्रश्न पुढे आला. १९३२-३३ मध्ये मिचेल व कर्कनेस यांनी या स्पर्धेची पाहणी केली, १९३३ मध्ये सिमला येथे रस्ते-रेल्वे परिषद भरली, आणि या विचारमंथनाच्या पार्श्वभूमीवर १९३९ चा मोटार वाहन अधिनियम तयार झाला. टप्पा वाहतुकीसाठी परवाना, परवाना देणारी प्रादेशिक व प्रांतिक प्राधिकरणे आणि भाड्यावर नियंत्रण ही त्याची चौकट होती. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत ठेवलेला असल्यामुळे प्रांतांना आपल्या गरजेनुसार या केंद्रीय कायद्यात दुरुस्त्या करण्याची मुभा होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रांतांनी या मुभेचा उपयोग एका नव्या हेतूने सुरू केला. तो हेतू म्हणजे बसवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण.

उत्तर प्रदेशचा १९५१ चा अधिनियम

तत्कालीन संयुक्त प्रांताच्या शासनाने १५ मे १९४७ रोजी लखनौ-बाराबंकी मार्गावर आपली बससेवा सुरू केली. हळूहळू इतर मार्गही शासनाकडे येऊ लागले आणि त्या मार्गांवरील खाजगी व्यावसायिकांना परवाने मिळेनासे झाले. या टप्प्यावर शासनाजवळ केवळ कार्यकारी सत्ता व १९३९ च्या कायद्यातील तरतुदी होत्या. खाजगी वाहतूकदारांना वगळण्याचा स्पष्ट अधिकार देणारा कायदा नव्हता. राज्यघटना अमलात आल्यानंतर लगेचच मोतीलाल प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे हा प्रश्न गेला. शासनाला बस चालविता येईल. परंतु आपल्या गाड्यांना परवान्यातून सूट देऊन इतरांना परवाने नाकारणे हा समतेच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय झाला.

आता राज्याला कायदा करणे भाग होते. उत्तर प्रदेश मार्ग परिवहन अधिनियम १० फेब्रुवारी १९५१ पासून लागू झाला. एखाद्या मार्गावरील सेवा केवळ शासनाने किंवा शासनाने इतरांसमवेत चालवावी, असे जाहीर करण्याचा अधिकार या अधिनियमाने शासनास दिला. धोरण म्हणून त्यात संदिग्ध असे काही नव्हते. उणीव होती ती दुसऱ्याच जागी. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला व्यवसायस्वातंत्र्य दिले होते आणि त्या वेळच्या खंड (६) मध्ये शासकीय मक्तेदारीला स्पष्ट आधार नव्हता. शिवाय ज्यांचा चालता व्यवसाय संपुष्टात येणार होता, त्यांना मोबदला देण्याची तरतूद अधिनियमात नव्हती.

मक्तेदारीविषयीची उणीव केंद्राच्या ध्यानात आली होती. १८ जून १९५१ रोजी अमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) मध्ये बदल करून, राज्याने नागरिकांना पूर्णतः वा अंशतः वगळून एखादा व्यवसाय चालविण्यासंबंधीचा कायदा या हक्काच्या आड येणार नाही, असे स्पष्ट केले. उत्तर प्रदेशचा अधिनियम आणि ही दुरुस्ती यांत सव्वाचार महिन्यांचे अंतर होते. बुलंदशहर-दिल्ली मार्गावरील बसमालकांनी सगीर अहमद प्रकरणात याच अंतरावर बोट ठेवले. उच्च न्यायालयात त्यांना अपयश आले. परंतु ऑक्टोबर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. बी. के. मुखर्जी यांच्या निर्णयाद्वारे अधिनियम त्यांच्याविरुद्ध अंमलयोग्य नसल्याचे ठरविले. ज्या दिवशी कायदा झाला त्या दिवशीच्या राज्यघटनेच्या कसोटीवर तो उतरला पाहिजे. नंतरची दुरुस्ती त्याच्या मदतीला येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. व्यवसायापासून वंचित करताना मोबदल्याची तरतूद नसल्यामुळे अनुच्छेद ३१ चाही भंग झाला होता.

या पराभवातून उत्तर प्रदेशने जो धडा घेतला तो मुद्दाम नोंदविण्याजोगा आहे. राज्याने दुसरा अधिनियम तयार केला : उत्तर प्रदेश परिवहन सेवा (विकास) अधिनियम, १९५५. या वेळी विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ पाठविण्यात आले, २३ एप्रिल १९५५ रोजी त्यांची संमती मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तो राजपत्रात प्रसिद्ध झाला. मोबदल्याची तरतूदही आता अधिनियमातच होती. मालमत्तेच्या हक्कासंबंधीचा अनुच्छेद ३१ राज्यांना अनुकूल अशा रीतीने बदलणारी चौथी घटनादुरुस्ती त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, २७ एप्रिल १९५५ रोजी अमलात आली. म्हणजे याही वेळी तारखेने राज्याला साथ दिली नाही. तथापि १९५९ मध्ये दीपचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाची छाननी केली, तेव्हा मोबदल्याच्या मुद्द्यावर तो टिकला. कारण पुढे होणाऱ्या दुरुस्तीच्या भरवशावर न राहता विधेयकातच पुरेशी तरतूद करण्यात आली होती. १९५१ चा कायदा ज्या मुद्द्यावर कोसळला, त्याच मुद्द्यावर १९५५ चा कायदा उभा राहिला. दोहोंमध्ये फरक होता तो मसुद्यापूर्वीच्या अभ्यासाचा.

नागपूरचा कायदा आणि ग्रहणाचा सिद्धान्त

याच काळात नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात तशाच प्रकारच्या कायद्याने वेगळी वाट धरली होती. तेथील मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, १९४७ हा १९४८ चा तिसरा अधिनियम म्हणून नोंदला गेला. त्याने १९३९ च्या केंद्रीय कायद्याच्या ४३ व्या कलमात व्यापक बदल केले. परवान्यांची संख्या मर्यादित करणे, भाडे ठरवून देणे, मुदतीची सूचना देऊन परवाने रद्द करणे आणि शासनाने स्वतः अथवा भागीदारीत वाहतुकीचा व्यवसाय करणे, असे अधिकार प्रांतिक शासनास मिळाले. थोडक्यात, सारी बसवाहतूक टप्प्याटप्प्याने ताब्यात घेण्याची सोय त्यात होती.

राज्यघटनेनंतरच्या मध्य प्रदेशात या अधिकारांचा वापर होऊ लागला, तेव्हा भिकाजी नारायण धाकरस व इतर बसमालकांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. सगीर अहमद प्रकरणाचा निर्णय नुकताच लागला होता आणि त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता : उत्तर प्रदेशचा कायदा रद्दबातल, तर आशयाने तसाच असलेला हा कायदाही रद्दबातल. सप्टेंबर १९५५ मध्ये न्या. सुधीरंजन दास यांनी दिलेल्या निर्णयात हा युक्तिवाद अमान्य झाला. १९४७ चा कायदा राज्यघटनेपूर्वीचा होता. तो झाला तेव्हा पूर्णपणे वैध होता. २६ जानेवारी १९५० रोजी मूलभूत हक्क आले आणि त्यांच्याशी विसंगत असलेला त्याचा भाग झाकोळला गेला. परंतु तो नष्ट झाला नाही. १८ जून १९५१ च्या दुरुस्तीने ती छाया दूर होताच कायदा पुन्हा पूर्ववत अमलात आणण्याजोगा झाला. विधिशास्त्रात ‘ग्रहणाचा सिद्धान्त’ या नावाने ओळखला जाणारा विचार भारतीय घटनाकायद्यात रुजला तो या बसवाहतुकीच्या खटल्यामुळे.

दीपचंद प्रकरणात न्या. सुब्बा राव यांनी या सिद्धान्ताची मर्यादा बहुमताने स्पष्ट केली. राज्यघटनेपूर्वीच्या कायद्याला ग्रहण लागू शकते आणि ते सुटूही शकते. राज्यघटनेनंतर मूलभूत हक्कांविरुद्ध केलेला कायदा मात्र जन्मतःच निर्जीव असतो, त्याला पुढील दुरुस्ती जिवंत करीत नाही. हेतू एक, आशय जवळपास एक. तरीही नागपूरचा १९४७ चा कायदा तरला आणि लखनौचा १९५१ चा कायदा बुडाला. नागपूरच्या विधिमंडळाची दूरदृष्टी अधिक होती, असे यावरून म्हणता येणार नाही. त्याला तारखेने तारले. उलट लखनौच्या विधिमंडळापुढे राज्यघटना लिखित स्वरूपात होती आणि आपल्याच उच्च न्यायालयाचा इशाराही होता. कायदा केव्हा करावा, हाही विधेयकाच्या अभ्यासाचाच भाग असतो, हे या तुलनेतून ठळकपणे दिसते.

संसदेची चौकट आणि मुंबई राज्य

राज्याराज्यांतील या अनुभवानंतर संसदेने १९५६ मध्ये मोटार वाहन अधिनियमात ‘चार-अ’ हे नवे प्रकरण घातले. ते १६ फेब्रुवारी १९५७ पासून लागू झाले. राज्य परिवहन उपक्रमाने योजना तयार करून प्रसिद्ध करावी, बाधित व्यक्तींनी तीस दिवसांत हरकती घ्याव्यात, राज्य शासनाने त्यांची सुनावणी घेऊन योजना मंजूर करावी वा बदलावी, अशी ती पद्धत होती. परवान्याच्या उरलेल्या मुदतीतील प्रत्येक पूर्ण महिन्यासाठी दोनशे रुपये मोबदला, असा निश्चित हिशेबही तीत होता. क्रम व मोबदला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आता केंद्रीय कायद्यात लिहिली गेली. याचा एक परिणाम असा की, उत्तर प्रदेशचा १९५५ चा अधिनियम पुढील योजनांपुरता केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरला. आधी अमलात आलेल्या योजना मात्र टिकल्या. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याने कष्टाने केलेला कायदा संसदेच्या नंतरच्या कायद्याने मागे सरतो, हा सत्तेच्या प्रश्नाचा तिसरा धडा होता.

हरकतींची सुनावणी हा केवळ उपचार नव्हे, हेही लवकरच स्पष्ट झाले. आंध्र प्रदेशातील गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात सुनावणी परिवहन खात्याच्या सचिवांनी घेतली होती आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला होता. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरविली. ऐकणारा एक आणि ठरविणारा दुसरा असेल, तर ऐकण्याला अर्थ राहत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होता.

मुंबई राज्याने प्रवासी वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणासाठी महामंडळाचा मार्ग स्वीकारला. १ जून १९४८ रोजी पुणे ते तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. बस धावली. पुढे १९५० च्या केंद्रीय मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाने अशा संस्थांना पक्का कायदेशीर पाया मिळाला. या राज्यापुढील खरे आव्हान १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर उभे राहिले. मराठवाडा हैदराबाद राज्यातून, विदर्भ मध्य प्रदेशातून, तर सौराष्ट्र व कच्छ स्वतंत्र राज्ये म्हणून नांदून मुंबई राज्यात आले. मराठवाड्यात निजामाच्या रेल्वेची मार्ग परिवहन सेवा १९३२ पासून चालत आली होती. विदर्भात नागपूरच्या कायद्याची परंपरा होती. एकाच राज्यात वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे वाहनकर व नियम असणे गैरसोयीचे होते. त्यामुळे १९५८ मध्ये मुंबई विधिमंडळाने मोटार वाहन कर अधिनियम आणि मोटार वाहन (प्रवासी कर) अधिनियम असे दोन कायदे करून या विषयाचे एकीकरण केले. हे दोन्ही अधिनियम महाराष्ट्र राज्याला वारसाहक्काने मिळाले.

कराचा प्रश्न : आसाम आणि राजस्थान

राष्ट्रीयीकरणाच्या जोडीने राज्यांनी परिवहनावर करही बसविले. येथे राज्यघटनेचा अनुच्छेद ३०१ आडवा येत होता. भारताच्या सर्व प्रदेशात व्यापार, वाणिज्य व दळणवळण मुक्त राहील, असे तो सांगतो. राज्याला सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालावयाचे असतील, तर अनुच्छेद ३०४(ब) प्रमाणे त्या विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी आवश्यक ठरते.

आसाम विधिमंडळाने १९५४ मध्ये रस्त्याने व अंतर्गत जलमार्गाने नेल्या जाणाऱ्या मालावर कर बसविला. आसामातून कोलकात्याकडे जाणारा चहा हा त्याचा मुख्य विषय होता. चहाच्या कंपन्यांनी अतियाबारी प्रकरणात या कराला आव्हान दिले. सप्टेंबर १९६० च्या निर्णयात, मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी बहुमताचे मत मांडले. मालाच्या वाहतुकीवर प्रत्यक्ष व तात्काळ भार टाकणारा कर हा अनुच्छेद ३०१ च्या कक्षेत येतो आणि पूर्वमंजुरीअभावी तो टिकत नाही, असे ठरले. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अनुच्छेद २५५ नुसार पूर्वमंजुरी घ्यावयाची राहून गेली तरी राष्ट्रपतींनी नंतर अधिनियमाला संमती दिल्यास तेवढ्या कारणाने तो अवैध ठरत नाही. राज्यघटनेने चूक दुरुस्त करण्याची सोय ठेवली होती. आसामच्या अधिनियमाला तिचाही लाभ मिळालेला नव्हता. यानंतर आसामने राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन १९६१ मध्ये नवा अधिनियम केला आणि डिसेंबर १९६३ मध्ये ख्येरबारी प्रकरणात तो वैध ठरला. कर तोच आणि चहाही तोच होता. बदलला होता तो केवळ कायदा करण्याचा क्रम.

राजस्थानच्या १९५१ च्या मोटार वाहन कर अधिनियमाचा निर्णय एप्रिल १९६२ मध्ये लागला. अजमेरमधील वाहतूकदारांच्या गाड्या काही ठिकाणी राजस्थानच्या हद्दीतून जात आणि त्यांच्याकडून कर मागितला जाई. सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने हा कर वैध ठरविला. रस्ते वापरण्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला प्रतिपूरक कर व्यापाराच्या आड येत नाही, उलट त्याला साहाय्यच करतो, हे त्यामागील सूत्र होते. या सूत्राने विधिमंडळांवर एक अप्रत्यक्ष जबाबदारी टाकली. वाहनकराचे समर्थन करावयाचे, तर त्या बदल्यात रस्त्यांसाठी काय केले जाते, हे राज्याला दाखविता आले पाहिजे. जयकर समितीने पेट्रोलवरील कर व रस्ते यांची जी सांगड १९२८ मध्ये सुचविली होती, तिचेच हे न्यायालयीन रूप म्हणता येईल.

ही स्थिती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने प्रतिपूरक कराचा सिद्धान्त मोडीत काढला. भेदभाव न करणारा कर हा मुळात अनुच्छेद ३०१ चा भंग नाही आणि कराच्या कायद्यासाठी ३०४(ब) ची पूर्वमंजुरीही लागत नाही, असे ठरले. आसामचा १९५४ चा अधिनियम ज्या कारणाने पडला ते कारणच त्यामुळे कराच्या बाबतीत उरले नाही. राज्यांचे स्वातंत्र्य वाढले, हे खरे. परंतु ‘घेतलेल्या कराच्या बदल्यात काय दिले’ हा प्रश्न विचारण्याची न्यायालयीन जागाही त्याबरोबर संपली. तो प्रश्न आता विचारला जावयाचा असेल, तर सभागृहातच विचारला गेला पाहिजे.

प्रक्रियेची साधने आणि त्यांच्या मर्यादा

सभागृहाजवळ त्यासाठी कोणती साधने आहेत ? विधेयक मांडले जाते, त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, खंडशः विचार होतो आणि ते संमत होते. सभागृहाला वाटल्यास ते प्रवर समितीकडे अथवा, दोन सभागृहे असलेल्या राज्यात, संयुक्त समितीकडे पाठविता येते. परंतु समितीकडे पाठविणे ऐच्छिक आहे. त्यातही परिवहनविषयक बरीच विधेयके कराची, म्हणजे धन विधेयके असतात. अनुच्छेद १९८ नुसार अशा विधेयकावर विधान परिषदेला केवळ शिफारशी करता येतात आणि त्याही चौदा दिवसांत. त्या स्वीकारण्याचे बंधन विधानसभेवर नसते. म्हणजे जेथे दुसऱ्या विचाराची अधिक गरज, तेथेच दुसऱ्या सभागृहाचा आवाज क्षीण आहे.

या मर्यादेवर एक उपाय केरळने शोधला. १९८० मध्ये तेथील विधानसभेने विषयवार समित्या स्थापन केल्या आणि विधेयके त्या त्या विषयाच्या समितीकडे जाऊ लागली. संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या आल्या त्या १९९३ मध्ये. स्थायी समितीच्या चिकित्सेचे उदाहरण म्हणून मोटार वाहन (सुधारणा) विधेयकाचा प्रवास पाहण्याजोगा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये मांडलेले हे विधेयक परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीने तपासले. लोकसभेने एप्रिल २०१७ मध्ये ते संमत केल्यावर राज्यसभेच्या प्रवर समितीने त्याचा पुन्हा विचार केला. २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले आणि नव्या लोकसभेत पुन्हा मांडले जाऊन जुलै २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. दंडाच्या वाढीव तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. त्याच महिन्यात गुजरातने तडजोड शुल्काचे दर कमी करून जाहीर केले. दोन समित्यांनी तपासलेल्या कायद्यालाही राज्याच्या पातळीवर वेगळे वळण मिळू शकते. समवर्ती विषयावरील केंद्रीय विधेयकाची चर्चा राज्य विधिमंडळांतही आधी झाली पाहिजे, याची ही प्रचिती होय.

न्यायालयीन चिकित्सेलाही स्वतःची मर्यादा आहे. न्यायालय सत्ता, क्रम व मोबदला तपासते. एखाद्या तालुक्यातील गावांना दिवसातून किती फेऱ्या लागतात, भाडेवाढ कोणाला सोसवत नाही, खाजगी गाडी गेल्यावर त्या मार्गावर सरकारी गाडी खरोखर येते का, हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने परवाने देण्याचे धोरण सैल केले, तेव्हा जुन्या परवानाधारकांनी नव्या स्पर्धेविरुद्ध तक्रार केली आणि १९९१ मध्ये मिथिलेश गर्ग प्रकरणात ती अमान्य झाली. १९५० च्या दशकात शासनाच्या मक्तेदारीविरुद्ध व्यवसायस्वातंत्र्याचा आधार घेणारा हाच वर्ग होता. न्यायालयापुढे येतो तो बहुधा परवानाधारक किंवा करदाता. थांब्यावर उभा असलेला प्रवासी या साऱ्या खटल्यांत पक्षकार म्हणून क्वचितच दिसतो. त्याची बाजू मांडण्याची स्वाभाविक जागा विधिमंडळ हीच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परिवहन विधेयकाचे यश धोरणाच्या योग्यतेइतकेच सत्ता, क्रम व मोबदला या तीन प्रश्नांच्या पूर्वाभ्यासावर अवलंबून राहिले आहे. उत्तर प्रदेशचे १९५१ व १९५५ चे आणि आसामचे १९५४ व १९६१ चे अधिनियम या जोड्या त्याचा पुरावा आहेत. दुसरी, राज्य विधिमंडळांनी चुकांतून शिकण्याची क्षमता दाखविली. परंतु हे शिकणे खर्चिक होते. एका अधिनियमाचा निकाल लागण्यास तीन ते सहा वर्षे लागली आणि तेवढा काळ वाहतूकदार, शासन व प्रवासी अनिश्चिततेत राहिले. तिसरी, २०१६ नंतर कराच्या बाबतीत न्यायालयीन देखरेख बरीच सैल झाल्यामुळे सभागृहातील चिकित्सेचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

१९२७ मध्ये कायदेमंडळाच्या सदस्यांनी आधी रस्त्यांचा प्रश्न समजावून घेतला आणि मग निधीची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर हा क्रम अनेकदा उलटा झाला : कायदा आधी, अभ्यास नंतर, आणि तोही न्यायालयात. केरळच्या विषय समित्या व संसदेच्या स्थायी समित्या यांनी तो क्रम पुन्हा सुलट करण्याचा मार्ग दाखविला आहे. इतर राज्यांनीही परिवहन विधेयके नियमाने अशा समितीकडे पाठविली आणि समितीने वाहतूकदारांबरोबर प्रवाशांचेही म्हणणे ऐकून घेतले, तर न्यायालयाला जे तपासता येत नाही ते तपासले जाईल. अन्यथा विधेयकाचे खरे वाचन पूर्वीप्रमाणेच सभागृहाबाहेर आणि उशिरा होत राहील.